उतारावरचा रताळ्याचा वेल

आमच्या हाउसपासून परेड ग्राउंडकडे जाताना मातीचा एक उतार लागतो. दर पावसाळ्यात तिथली माती खालच्या वाटेवर वाहून यायची आणि परेडच्या आधी फावडी घेऊन ती उचलणे आमच्याकडे यायचे. मी नववीत असताना माळीकाकांनी तिथे शोभेच्या रताळ्याचा वेल लावायला सांगितले.

आपण उपवासाला खातो तेच हे रताळे. फक्त या जाती पानांसाठी वाढवलेल्या आहेत. ‘मार्गरीटा’ची पाने पोपटी, तर ‘ब्लॅकी’ची गडद जांभळी असतात.

लागवड सोपी आहे. थंडी सरल्यावर जमीन खणून तण काढावे व थोडे शेणखत मिसळावे. चार-पाच डोळ्यांच्या फांद्या घेऊन खालची पाने काढावीत आणि दोन डोळे मातीत जातील अशा फूट-फूट अंतरावर लावाव्यात. वेल पसरताना पेर ओल्या मातीला टेकले की तिथेही मुळे फुटतात. त्यामुळे माती धरून राहते. पाने दाट झाली की पावसाचा मार थेट जमिनीवर बसत नाही आणि तणही कमी उगवते. भरपूर ऊन हवे, नाहीतर पानांचा रंग फिका पडतो. पाणी साचले तर मुळे कुजतात. मात्र हा वेल हिरवळीसारखा तुडवून चालत नाही.

त्या पावसाळ्यात आमची वाट स्वच्छ राहिली. मग मी एक चूक केली. हिवाळ्याच्या सुट्टीला जाताना एकही फांदी आत आणून ठेवली नाही. इथे उत्तरेत धुके आणि दहिवर पडते, हे कोकणातल्या मुलाच्या लक्षात कसे येणार! परत आलो तेव्हा सगळा वेल काळा पडला होता. खणल्यावर बरेचसे कंद कुजलेले निघाले. पाच-सहा तेवढे टणक होते. ते कुंडीत लावले, मार्चमध्ये कोंब आले आणि त्यांवरच पुढची लागवड झाली.

तेव्हापासून नोव्हेंबरमध्ये डझनभर फांद्या पाण्याच्या बाटल्यांत घालून डॉर्मिटरीच्या उन्हाच्या खिडकीत ठेवतो. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचे, एवढेच काम.

यंदा मी बारावीत आहे. बाटल्या खिडकीतच आहेत. ज्युनियर मित्रांनो, मार्चमध्ये त्या उतारावर न्यायला विसरू नका. नाहीतर जुलैमध्ये फावडी तुमच्याच हाती येतील.