घटविलेले वजन टिकविण्याचा प्रश्न

वजन उतरविणे आणि उतरलेले वजन राखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीस काही महिने पुरतात. दुसरीस मुदत नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे अनेकांचे वजन वर्षानुवर्षे चढत-उतरत राहते आणि दर खेपेस दोष दिला जातो तो निश्चयाच्या दुबळेपणास. हा आरोप कितपत शास्त्रशुद्ध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल मुंबईतील ठाकूरद्वारच्या एखाद्या मराठी कुटुंबाचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. श्रावणातील सोमवार-शनिवार, मागोमाग गणपतीचे मोदक, पुढे नवरात्राचे उपवास आणि त्यानंतर दिवाळीचा फराळ, असा संयम व सुबत्ता यांचा क्रम तेथे चालतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण याच अनुभवातून आली. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. कच्च्या 100 ग्रॅम साबुदाण्यात सुमारे 350 उष्मांक असतात, प्रथिने मात्र नाममात्र. आजच्या ‘डाएट’चे स्वरूपही यासारखेच आहे. व्रताला जसे उद्यापन, तसेच डाएटलाही उद्यापन गृहीत धरले जाते; आणि नेमका तेथेच घात होतो.

शरीर या उद्यापनाची जणू वाटच पाहत असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 1944–45 मध्ये 36 निरोगी स्वयंसेवकांवर अर्ध-उपासमारीचा प्रयोग केला. 24 आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. अन्न पूर्ववत मिळू लागल्यावर मेद आधी भरून आला, स्नायू मागाहून. 1994 मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि या प्रक्रियेच्या कारणांवर प्रकाश पडला. मेद घटला की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि शरीराचा ऊर्जाव्यय मंदावतो. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात (2011) वजन घटविल्यानंतर वर्ष लोटले तरी भुकेशी संबंधित संप्रेरके पूर्वस्थितीवर आली नव्हती. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली (2016). त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे 500 उष्मांकांनी कमी आढळला. तात्पर्य, वजन परत येणे हा चारित्र्याचा दोष नसून देहाची संरक्षक प्रतिक्रिया आहे.

मग प्रयत्नच सोडावा काय? आपणांस तसे करणे परवडणारे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 मध्ये प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभारांक 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होता. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या देहातही मेद अधिक असू शकतो, आणि त्यासोबत मधुमेहाचा धोकाही. वारंवार उपाशी राहून स्नायू गमावणे म्हणूनच आपल्याकडे विशेष अनिष्ट ठरते.

अमेरिकेत 1994 मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय वजन-नियंत्रण नोंदवहीत किमान 13.6 किलो वजन घटवून ते किमान वर्षभर राखणाऱ्यांच्या सवयी टिपल्या गेल्या. रोज सुमारे तासभर व्यायाम, नियमित वजन पाहणे आणि सुट्टीच्या दिवशीही नित्याच्याच पद्धतीचा आहार, या त्यांतील ठळक बाबी होत. दोन ते पाच वर्षे वजन टिकले, तर पुढे ते टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते, असेही त्यांत दिसून आले. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या मधुमेह-प्रतिबंधक अभ्यासाचा निष्कर्ष (2006) याहूनही दिलासा देणारा आहे. जीवनपद्धती बदलणाऱ्यांच्या वजनात लक्षणीय घट झाली नाही. तरीही मधुमेहाचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे काटा हलला नाही तरी नेम वाया जात नाही.

यावरून निश्चयाचे स्वरूपच बदलावे लागते. ‘दिवाळीपूर्वी दहा किलो’ हा संकल्प मुदतीचा. म्हणून तो संपतो. त्याऐवजी दहा वर्षांनीही चालवता येईल एवढाच बदल स्वीकारावा. ठाकूरद्वारच्या रहिवाशास चौपाटी व मरीन ड्राइव्ह पायी अंतरावर आहेत; तेथील रोजची फेरी हा नेमाचा पहिला भाग. ताटात भात-पोळी बेताची ठेवून उसळ, डाळ व भाजी वाढविणे हा दुसरा. मोदक अवश्य खावा. मात्र दुसऱ्या दिवशी उपवासाने प्रायश्चित्त न घेता नेहमीच्या जेवणावर यावे. आठवड्यातून एकदा वजन नोंदवावे आणि ते दोन किलोंनी वाढताच नेमाकडे लक्ष द्यावे, दहा किलोंची वाट पाहू नये. औषधांचीही गोष्ट वेगळी नाही. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे 2022 मध्ये दिसून आले.

सारांश, येथे व्रत नव्हे, दिनचर्या हवी. व्रत मोडले की मनुष्य खचतो. दिनचर्या एखादा दिवस चुकली तरी दुसऱ्या सकाळी ती पुन्हा धरता येते.