ओसाड मुलखाचा मागोवा

1 एप्रिल 1974 रोजी यॉर्कशायरचे तिन्ही ‘रायडिंग’ म्हणजे जुने विभाग कायद्याने रद्द झाले आणि टीज नदीकाठचे स्टार्टफोर्थ व आसपासची गावे डरहॅम परगण्यात गेली, याचे शल्य मला अजून आहे. कारण ज्या नॉर्मन विजेत्यांनी या मुलखात फारच थोडे शाबूत ठेवले, त्यांनीसुद्धा ही विभागणी मोडली नव्हती.

त्याआधीचे दशक मी रिचमंडच्या आसमंतात अध्यापनात घालविले. 1966 साली हेस्टिंग्जच्या लढाईला नऊशे वर्षे झाली, तेव्हा बायोच्या भरतकामातील चित्रांची टपाल तिकिटे निघाली. त्या पटावर उत्तरेचा संहार नाही, आणि आमच्या वर्गातील क्रमिक पुस्तकाने तो एका वाक्यात आटोपला होता, याचा मला तेव्हाही संताप येई. 1069 मध्ये बंडखोरांनी डेन लोकांच्या साह्याने यॉर्क घेतले. त्याचा सूड म्हणून नॉर्मन राजा विल्यमने त्या हिवाळ्यात गावेच्या गावे जाळली, आणि धान्य, गुरे, अवजारे यांचाही नाश करविला, म्हणजे तलवारीतून वाचलेला कुणबी उपासमारीने मरावा. सतरा वर्षांनी महसुलाची डूम्सडे पाहणी झाली, तेव्हाही येथील कित्येक गावांपुढे ‘ओसाड’ एवढाच शेरा पडला.

येथील जुना सरदार एडविन याची विस्तीर्ण वतने ब्रेतान्यचा सरदार अ‍ॅलन रूफस याच्या जहागिरीत गेली, आणि गिलिंगचे जुने ठाणे मागे पडून स्वेल नदीवरच्या कड्यावर रिचमंडचा दगडी किल्ला उभा राहिला. गॉस्पॅट्रिकसारखे काही जुने जमीनदार टिकले. पण वडिलार्जित हक्काच्या भूमीवर आता ते परक्या धन्याचे ताबेदार होते.

अ‍ॅपलटन-ले-मूर्स येथे रुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांस घरांच्या सरळ ओळी, प्रत्येक घरामागे लांबट परडे आणि परड्यांच्या टोकाशी मागची वाट आहे. इतके आखीव गावठाण आपोआप वाढत नाही. अशी गावे उजाड भूमीवर नव्या धन्यांनी रयत आणून वसविलेली असावीत, हा अभ्यासकांचा तर्क मला ग्राह्य वाटतो. पुढे 1132 मध्ये रीव्हो आणि फाउंटन्स येथे सिस्टर्शियन मठ स्थापन झाले, आणि कालांतराने डोंगरउतार मेंढ्यांनी भरले.

2066 साली हेस्टिंग्जची सहस्राब्दी येईल. तिच्या चालकांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी केवळ त्या एका दिवसाच्या लढाईचा उत्सव न करता 1069 च्या हिवाळ्यात मेलेल्या उत्तरेच्या रयतेचेही जाहीर स्मरण करावे.