‘समजलं ना?’ हा प्रश्न विचारणं बंद करा



गेल्या वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी भराभर सगळं सांगितलं आणि विचारलं, “समजलं ना?” आम्ही “हो हो” म्हणालो. घरी आल्यावर प्रश्न पडला, ऑपरेशनआधी बंद केलेली रक्त पातळ करायची गोळी पुन्हा कधी सुरू करायची? बाबा म्हणाले आजच, आई म्हणाली टाके निघाल्यावर. कागदावर काहीच नाही आणि रात्री फोनही लागेना. सकाळी डॉक्टर भेटले तेव्हा जीवात जीव आला.

ऑपरेशन थिएटरच्या आत यादी केव्हाच पोहोचली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं, त्यांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले. दिल्लीसह ८ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं.

पण ती यादी डॉक्टरांच्या हातात असते. घरी काळजी घेतो रुग्ण, म्हणून डिस्चार्जची यादी त्याच्या हातात हवी. परवा आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी वहीत पाच प्रश्न लिहून नेले:

१. जुनी औषधं कोणती सुरू, कोणती बंद, कधीपर्यंत?
२. आंघोळ कधी, टाके कधी काढायचे?
३. ताप, पू, वाढती सूज यांपैकी काय दिसलं तर लगेच यायचं?
४. वजन उचलणं, कामाला लागणं कधी?
५. रात्री फोन कोणाला करायचा?

उत्तरं मिळाल्यावर आईनेच ती सिस्टरना परत सांगितली. एक चूक तिथेच सापडली. तिने गोळ्या दोनदाच सांगितल्या, घ्यायच्या होत्या तीनदा. याला ‘टीच-बॅक’ म्हणतात. यात रुग्णाची परीक्षा नसते, आपण नीट सांगितलं का, हे तपासायचं असतं.

आता माझ्या दुकानात मिक्सर विकला की मीही गिऱ्हाइकाला पाच ओळींचा कागद देतो आणि म्हणतो, “काकू, सलग किती वेळ चालवायचा, सांगा बरं?”

आजचा गृहपाठ: गिऱ्हाईक घरी गेल्यावर तुम्हाला फोन करून जे विचारतं, ते पाच प्रश्न लिहून काढा. तीच तुमची चेकलिस्ट.