फक्त ‘हाय’ लिहून थांबू नका! घरून काम करताना एका मेसेजमध्ये अख्खा दिवस कसा जातो?

सकाळी ११ वाजता टीममधल्या मैत्रिणीला चॅटवर ‘हाय’ पाठवलं. ती मीटिंगमध्ये. पाऊण तासाने रिप्लाय आला, ‘बोल ना’. तेव्हा तुम्ही दुसऱ्या कॉलवर. तुम्ही प्रश्न टाइप केलात, तोवर ती जेवायला गेलेली. ऑफिसमध्ये खुर्ची वळवून अर्ध्या मिनिटात जे विचारलं असतं, त्याला दुपारचे तीन वाजले.

टीम परदेशात असेल तर हा हिशोब तासांवरून दिवसांवर जातो. पुण्यातून सोमवारी सकाळी ११ वाजता पाठवलेलं ‘हाय’ न्यूयॉर्कला पोहोचतं, तेव्हा तिथे रात्रीचे दीड वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. समोरचा सकाळी ९ ला लॅपटॉप उघडून ‘येस, सांगा’ म्हणतो, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. तुम्ही लॉग ऑफ केलेलं. खरा प्रश्न जातो मंगळवारी सकाळी, उत्तर येतं मंगळवारी रात्री, काम पुढे सरकतं बुधवारी. पहिल्याच मेसेजमध्ये प्रश्न असता, तर ते मंगळवारीच सरकलं असतं.

मग मेसेज कसा लिहायचा?

हा नमुना पाहा: ‘नमस्कार सर, टेस्ट सर्व्हरवर पेमेंटचं पेज सकाळी १० पासून उघडत नाही, ५०२ एरर येतोय. रीस्टार्ट करून पाहिलं, फरक नाही. डेटाबेसचा पासवर्ड काल बदलला का, एवढंच हवंय. ५ वाजेपर्यंत कळलं तर रिलीज आज करतो, नाहीतर उद्या सकाळी.’

काय अडलंय, काय करून पाहिलं, नेमकं काय हवंय, कधीपर्यंत हवंय, हे सगळं यात आलं. शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. उत्तर नाही आलं तर तुम्ही काय करणार, हे समोरच्याला आधीच कळतं. नुसतं ‘अर्जंट’ लिहून यातलं काहीच कळत नाही.

थेट कामाचं बोलणं अनेकांना उद्धट वाटतं. आपल्याकडे मोठ्यांना आधी ‘सर, फ्री आहात का?’ विचारायची पद्धत आहे. पण चॅटवर त्यामुळे सरांना एकाऐवजी दोनदा उत्तर द्यावं लागतं. ‘नमस्कार’ जरूर लिहा, फक्त प्रश्न त्याच मेसेजमध्ये असू द्या. ‘कॉल करू का?’चंही तेच. विषय काय आणि किती मिनिटं लागतील, तेही सांगा.

आणि हो, एररचा नुसता स्क्रीनशॉट नको, मजकूर पेस्ट करा. फोटोतलं अक्षर कॉपी करून शोधणं मजकुराइतकं सोपं नसतं. (इंजिनीअर मंडळींनाही हे सांगावं लागतं!)

वेळ लिहिताना पुढे आयएसटी जोडा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. आपलं बदलतच नाही. मार्चमध्ये मीटिंगला कुणीतरी तासभर आधी येऊन बसतं ते यामुळेच.

कॉल कधी करायचा?

तीन-चार मेसेज होऊनही गाडी तिथेच असेल, किंवा मेसेजचा सूर बिघडत चालला असेल, तर सरळ फोन करा. नंतर काय ठरलं ते दोन ओळींत ग्रुपवर टाका, नाहीतर कॉलवर नसलेला सहकारी उद्या तेच विचारणार.

रात्री ११ ला काही सुचलं तर? लिहून ठेवा, पण सकाळी ९:३० ला शेड्यूल करा. जीमेल, स्लॅक आणि टीम्समध्ये ही सोय आहे. कामाच्या वेळेनंतर ऑफिसच्या संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झालेला नाही. तोवर शेड्यूलचं बटण आपल्याच हातात आहे.