प्लॉट पाहावा पावसाळ्यात

पंधरा नंबरच्या प्लॉटमध्ये घोटाभर पाणी आहे. त्या पाण्यात धानाची चार रोपं कुणी न लावता उगवून आली आहेत आणि एक बगळा निवांत फिरतो आहे. दलाल चुना फासलेल्या सिमेंटच्या खुंटाकडे बोट दाखवतो. "हा एक कोपरा, तो दुसरा. तीस बाय पन्नास, पूर्वमुखी. मुरूम टाकला की काम खतम, ताई."

ताई म्हणजे माझी भाची. सलवार वर खोचून, चपला हातात घेऊन ती बांधावर उभी आहे. गोंदियात ती स्टाफ नर्स आहे. रात्रपाळी संपवून घरी न जाता सरळ इकडेच आली आहे. तिच्या मागे जवाई छत्री मिटून उभे. ते नागपूरला, कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब पाहतात. पहाटे गाडी धरायची, रात्री परतायचं. याला इकडे अप-डाउन म्हणतात. रेल्वेचा मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो आणि गोंदिया ते नागपूर अंतर 130 च्या आसपास, म्हणून हे जमतं. जमतं म्हणजे शरीराला जमतं तोवर.

"नागपूरलेच काहून नाही घेत, सर?" दलाल विचारतो.

जवाई हसतात. "जे परवडते ते बुटीबोरीकडे. तिथून कळमना गाठाले दीड तास. मग नागपुरात राहून नागपूर भेटलं का? आणि यांची नोकरी तर इथं."

ऑगस्टचा रविवार आहे, पोळा तोंडावर आला आहे. रात्रभर कोसळून पाऊस आत्ताच थांबला आहे. कुडव्याच्या पुढे जिकडे पाहावं तिकडे रोवणी झालेल्या बांध्या, आणि त्यांच्या मधोमध खुंट ठोकलेला हा ले-आउट. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 मध्ये सुरू झालं. त्याच्या कुडव्यातल्या नव्या इमारतीचं भूमिपूजन फेब्रुवारी 2024 मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते झालं. दलालाला ही सनावळी तोंडपाठ आहे. "तिथूनच भाव चढले, सर. कॉलेज पूर्ण झालं का हा प्लॉट तुमच्या हाती लागणार नाही." शहरातल्या रामनगर, सिव्हिल लाइन्सकडे तर आम्ही फिरकलोही नाही. नागपूर महाग म्हणून गोंदिया पाहायला निघालेल्या माणसाला गोंदियाच महाग वाटतं, आणि तो मग कुडवा, फुलचूर, तिरोडा, गोरेगाव, आमगाव अशी नावं बोटांवर मोजू लागतो.

शेजारच्या बांधीत एक म्हातारबा बांध खोदून पाणी वळवत आहेत. डोक्यावर प्लॅस्टिकची घोंगशी, पाय पोटरीपर्यंत चिखलात. भाची त्यांना हाक मारते. "बाबाजी, हे पाणी कधी उतरते?"

"उतरत नाही," म्हातारबा वर न पाहता म्हणतात. "इथं आम्ही भारी धान लावत होतो."

दलालाचा चेहरा पडतो. मला कळतं, जवाईंनाही कळतं. आमच्या दोघांच्याही घरी शेती होती. हलका धान लवकर येतो, म्हणून तो उंचावरच्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या बांधीत लावायचा. भारी धान उशिरा येतो, त्याला शेवटपर्यंत पाणी हवं. तो खोलगट बांधीत. पिढ्यान्‌पिढ्या ही विभागणी अशीच चालत आली आहे. तेव्हा कुठल्या बांधीत कोणता धान होता एवढं कळलं की जमिनीचा उतार मोजण्याच्या यंत्राशिवाय कळतो. ले-आउटच्या रंगीत नकाशात रस्ता आहे, बाग आहे, मंदिराची जागा आहे. उतार नाही.

म्हातारबा कुदळ टेकवून सरळ होतात आणि हाताने दाखवतात. वर तलाव, मालगुजारीच्या काळातला. भंडारा-गोंदियात असे तलाव गावोगाव आहेत; मालगुजारी 1951 मध्ये गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणून सगळे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. तलावाचा सांडवा या अंगाला. सांडव्याचं पाणी एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि तिसरी म्हणजे पंधरा नंबर.

"मुरूम टाकला तर?" जवाई विचारतात.

"टाका न. तुमचं उंच होईल. मग पानी माह्या बांधीत येईल. मग माहा पोरगा भांडाले तुमच्या दारात येईल."

भाची हसते, पण वहीत लिहून घेते. तिला रुग्णाच्या तक्त्यावर नोंदी करायची सवय आहे.

दलाल आम्हाला रस्त्यावर आणतो आणि गाडीच्या बॉनेटवर कागद पसरतो. सातबारा, एनए-टीपीचा आदेश, मंजूर नकाशा. कागद चांगले आहेत हे मला मान्य करावं लागतं. पूर्व विदर्भात जमीन घेणाऱ्याला सातबारा दोनदा वाचावा लागतो. भोगवटादार वर्ग-1 आहे की वर्ग-2? वर्ग-2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मूळ खातेदार आदिवासी आहे का? असेल तर ती जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. आणि तिसरी नोंद फक्त आपल्याकडचीच: झुडपी जंगल. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधली झुडपी जंगलाची जमीन ही वनजमीनच असल्याचं ठरवलं. 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी नियमित करण्याचा मार्ग ठेवला, पण गोंदिया त्या सहांत आहे, आणि 'झुडपी' हा शब्द दिसला की शहाणा माणूस कागद मिटून परत देतो. इथे तो नाही. इथे फक्त पाणी आहे.

"बावीस नंबर पहा मग," दलाल म्हणतो. "थोडा उंच आहे."

"तिथं काय लावत होते?" भाची म्हातारबांना ओरडून विचारते.

"हलका!"

बावीस नंबर कोपऱ्याचा आहे. त्याचा भाव ऐकून जवाई छत्री उघडतात. पाऊस आलेला नसतो.

साडेदहाला आम्ही गोंदिया स्टेशनवर आहोत. हावडा-मुंबई मार्गावरचं हे मोठं जंक्शन. इथून एक वाट बालाघाटमार्गे जबलपूरला जाते, एक वडसा-चांदाफोर्टकडे बल्लारशाहला. पुलावर उभं राहिलं की राईस मिलची धुराडी मोजता येतात. भाची कठड्यावरून बोट फिरवते आणि काळं बोट मला दाखवते. कोंढ्याची राख. ज्या भागात वारा मिलकडून येतो तिथले प्लॉट थोडे स्वस्त असतात आणि तिथल्या बायका धुणं घरात वाळवतात. तिने तो भाग आधीच खोडला आहे.

आमगावला एक घर पाहायचं आहे. तिकडे जाणारी मेमू लागते. अंतर पंचवीसेक किलोमीटर, अर्धा तास. गुदमा येतं आणि गाडी थांबते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोळशाने भरलेली मालगाडी शेजारून जायला लागते, तिचे डबे संपत नाहीत. डब्यातल्या कुणालाही आश्चर्य वाटत नाही. एक शिक्षक डबा उघडून भजी वाटतात. खिडकीजवळची बाई भाचीला सांगते, "रोजचंच आहे, बाई. इकडं घर घेतलं तर गाडीच्या टाइमवर सैपाक नको ठेवजो." ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली, 84 किलोमीटरच्या. दलालांच्या तोंडी ती आली आहे. रुळांवर यायला वेळ आहे.

आमगावचं घर रिसाम्याच्या बाजूला, जुन्या वस्तीत. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, अंगणात विहीर, मागे परसात पपई आणि कढीलिंब. घरमालकीण आजी आम्हाला ओसरीवर बसवतात. मुलगा पुण्याला असतो, परत येणार नाही म्हणतो. "कुडव्यात जेवढ्यात नुसता प्लॉट येते न, तेवढ्यात इथं घर, विहीर, परसबाग सगळं येते," आमच्यासोबत आलेला इथला मध्यस्थ म्हणतो. हिशेब चुकीचा नाही.

भाची विहिरीत वाकून पाहते. पाणी वर, हाताला लागेल इतकं. "मे महिन्यात, आजी?"

"दोन परवस खाली जाते. आटत नाही. माह्या सासऱ्यानं खोदली, तवापासून आटली नाही."

अंगणात एक थेंब साचलेला नाही. घर उंचवट्यावर आहे, रस्ता खाली. इथे धानाचा प्रश्न विचारायचीही गरज नाही. जुन्या माणसांनी घर कुठे बांधायचं आणि पीक कुठे घ्यायचं हे वेगवेगळं ठेवलं होतं. आजच्या ले-आउटने ते एकत्र केलं आहे.

अडचण इथे दुसरीच निघते. आमगाव आणि लगतची गावं मिळून नगर परिषद करण्याचा निर्णय झाला, त्याला आव्हान मिळालं, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिला. घरकुलासारख्या योजना अडल्या म्हणून डिसेंबर 2022 मध्ये इथल्या आठ गावांच्या लोकांनी आम्हाला मध्य प्रदेशात टाका अशी मागणी केली होती. आजी ट्रंकेतून कागद काढतात: ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना 8, घरपट्टीच्या पावत्या, सासऱ्यांच्या नावाचं एक पिवळं पडलेलं विक्रीपत्र. आखीव पत्रिका नाही. बांधकामाचा मंजूर नकाशा कुठून असणार? मातीच्या घराला कुणी नकाशा काढला होता? बँक अशा घरावर कर्ज द्यायला मागेपुढे पाहते. मग उरते पतसंस्था, आणि तिचं व्याज. भिंतीएवढी जाड बचत असेल तर हे घर स्वस्त आहे.

"राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे," मध्यस्थ आठवण करून देतो. 2021 पासून आहे, खरं आहे. नोंदणी फीदेखील 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. भाची मान हलवते. ती वहीत आणखी एक ओळ लिहिते आणि पान जवाईंपुढे धरते. त्यावर रुपये नाहीत. तिच्या तीन पाळ्या आहेत: सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येकीपुढे गाडी आहे की नाही एवढंच. दुपारपाळी रात्री आठला सुटते, त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. आणि खाली जवाईंची ओळ: आमगाव हे नागपूरच्या उलट्या बाजूला. म्हणजे रोज जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास, आणि गुदम्याला थांबली तर वरचं वेगळं.

आजी चहा आणतात. घर विकायला काढलेली ही बाई आम्हाला घर घ्या म्हणत नाही. "पोरीच्या पायाला किती चालणं पडते ते पाहा," एवढंच म्हणतात.

परतीच्या गाडीत गर्दी आहे. आम्ही दाराजवळ उभे आहोत आणि तिरोड्याचं बोलणं निघतं. तिरोडा गोंदिया आणि नागपूरच्या मध्ये, गोंदियापासून तीसेक किलोमीटरवर; म्हणजे हिला एका बाजूला अर्धा तास जास्त आणि ह्यांना दुसऱ्या बाजूला अर्धा तास कमी. जुनी नगर परिषद आहे, शाळा-दवाखाने आहेत. तिथे मागेच त्यांनी एक नवं बांधलेलं दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलं आहे. अदानींचा 3,300 मेगावॉटचा वीजप्रकल्प आल्यापासून भाडी वाढली, जागांचे भावही चढले, पण कुडव्याच्या कोपऱ्याच्या प्लॉटइतके नाहीत. भाचीला एकच शंका आहे: पलीकडे काही अंतरावर वैनगंगा. 2020 च्या ऑगस्टअखेरीस नदीने भंडारा-गोंदियात काय केलं ते तिने वॉर्डात पाहिलं आहे.

गोरेगावचंही नाव येतं. रस्ता चांगला, हवा चांगली, पुढे कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग. पण जवाईंना रोज गोंदियापर्यंत दुचाकीने यावं लागेल, पहाटेच्या अंधारात आणि भर पावसात. भाची नाव पुरतं ऐकून न घेताच खोडते.

दलालाचा फोन येतो. जवाई स्पीकर लावतात. पंधरा नंबरसाठी दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणतो, आजच बयाना दिला तर फुटामागे थोडं कमी करतो. जवाईंचे डोळे क्षणभर चमकतात. भाची फोन हातात घेते. "दादा, त्या गिऱ्हाईकाला आत्ताच प्लॉट दाखवा. पाणी आहे तोवर." आणि फोन ठेवते.

गोंदिया जवळ येतं. रुळांच्या दोन्ही बाजूंना बांध्या, आणि त्यांच्यात अधूनमधून पांढरे खुंट. भाची वही बंद करत नाही. "अहो, उद्या येताना तिरोड्याला उतरा. घरमालकाकडं जाऊ नका. आधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, त्या जागेत भारी होता का हलका. हलका म्हणाला तर सातबारा मागा. आणि भाव शेवटी."

"आणि भारी म्हणाला तर?"

"तर पुढची गाडी पकडून घरी या."