श्रेयांक हस्तांतरण

एका उच्चशिक्षण संस्थेत संपादन केलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेच्या पदवीसाठी ग्राह्य धरण्याच्या व्यवस्थेस श्रेयांक हस्तांतरण असे म्हणतात. श्रेयांक हे अध्ययनभाराचे माप असून ते गुणांहून भिन्न आहे. सामान्यतः एका सत्रात दर आठवड्यास एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक यांस एक श्रेयांक मिळतो. भारतात या श्रेयांकांची नोंद 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या राष्ट्रीय संगणकीय खात्यात होते. त्याविषयीची विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली जुलै २०२१ मध्ये लागू झाली.

पूर्वपीठिका

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. तेथील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत सुमारे ६० श्रेयांक मिळवून विद्यार्थी विद्यापीठात जातो आणि उरलेले तितकेच श्रेयांक पूर्ण करून पदवी घेतो. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील असे महाविद्यालय १९०१ सालचे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक पदवी महाविद्यालये मात्र विद्यापीठांशी संलग्न असतात. त्यामुळे येथे खरा प्रश्न महाविद्यालय बदलण्यापेक्षा विद्यापीठ बदलण्याचा असतो. पूर्वी त्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र व अभ्यासक्रमाची समकक्षता मिळवावी लागे, आणि समकक्षता न मिळाल्यास झालेले शिक्षण गुणपत्रिकेपुरतेच उरे.

पातूरचे उदाहरण

अकोला जिल्ह्यातील पातूर हे तालुक्याचे गाव अकोला–वाशिम मार्गावर आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे पाच जिल्हे १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्याआधी ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती. त्यामुळे पातूरचा विद्यार्थी अकोल्यास किंवा वाशिमला गेला तरी पदवी देणारे विद्यापीठ तेच राहते. त्याच रस्त्याने पुढे हिंगोलीस गेल्यास मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची हद्द लागते.

येथे एक नियम निर्णायक ठरतो. पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांपैकी किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे त्यांपैकी ६० नव्या विद्यापीठाचे हवेत. एखादी विद्यार्थिनी प्रथम वर्षाचे ४० श्रेयांक घेऊन, समजा विवाहानंतर, हिंगोलीस गेली, तर उर्वरित ८० तेथे मिळवून ती अट सहज पूर्ण करते. दोन वर्षांचे ८० श्रेयांक घेऊन गेल्यास मात्र तेथे ४० च उरतात. अट पूर्ण करण्यासाठी आणखी २० मिळवावे लागतात, अर्थात सुमारे एका सत्राचा अभ्यास वाढतो. अधिक शिकून गेलेल्याची अडचण अधिक, असा हा विचित्र हिशेब आहे. याशिवाय मुख्य विषयाचे ठरावीक श्रेयांकही पूर्ण असावे लागतात.

खाते व मुदत

'बँक' या शब्दामुळे एक गैरसमज होतो. खात्यात श्रेयांक जमा असणे आणि ते पदवीसाठी स्वीकारले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाते केवळ नोंद ठेवते; प्रवेश व पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच राहतो. विद्यार्थ्याला स्वतः श्रेयांक भरता येत नाहीत, ते संस्थेनेच नोंदवावे लागतात. म्हणून खात्याचा बारा अंकी क्रमांक महाविद्यालयास दिल्यानंतर प्रत्येक सत्राची नोंद झाली की नाही, हे गाव सोडण्यापूर्वीच पाहणे हिताचे असते.

जमा श्रेयांक कमाल सात वर्षे वैध राहतात आणि एकदा पदवीसाठी वापरल्यावर पुन्हा वापरता येत नाहीत. शैक्षणिक वर्ष २०२१-२२ पासूनचेच श्रेयांक यात ग्राह्य आहेत; त्यापूर्वी शिक्षण सोडलेल्यांना या व्यवस्थेचा उपयोग होत नाही. प्रथम वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास चार श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते, व तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून सुरू झाली.