आतून वेस बंद करणारं गाव

कोरोनाच्या वेळी कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ता अडवला होता, आठवतंय ना? बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून. आज इंग्लंडमधल्या एका गावाची गोष्ट सांगते. आपला आजार बाहेर जाऊ नये म्हणून त्या गावानं स्वतःलाच कोंडून घेतलं.

गावाचं नाव ईम. डर्बीशायरच्या डोंगराळ भागातलं हे लहानसं गाव. १६६५ च्या सप्टेंबरात तिथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून शेकोटीपाशी वाळत घातलं. त्यात प्लेगच्या पिसवा होत्या, असं सांगतात. काही दिवसांतच शिंप्याचा मदतनीस गेला. हिवाळ्यात साथ निवली, पण उन्हाळ्यात पुन्हा भडकली.

जून १६६६ मध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली एकत्र आले. दोघांची मतं वेगळी, पण गावाला त्यांनी एकच सांगितलं: हद्द ओलांडायची नाही. गावानं ऐकलं.

मग खायचं काय? हद्दीवर एक मोठा दगड होता. शेजारच्या गावचे लोक तिथं धान्य ठेवून जायचे. ईमचे लोक दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे. आजार पैशांबरोबर जाऊ नये, ही काळजी. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या दरीत, लांब लांब उभं राहून व्हायची. ज्याचा माणूस गेला त्यानंच त्याला पुरायचं. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही गेली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं दगावली.

आज ईममध्ये शाळा, दुकान, चर्च आणि या साथीची माहिती देणारं संग्रहालय आहे. जुन्या घरांवर, तिथं कोण कोण गेलं, त्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी लोक त्यांच्या आठवणीसाठी जमतात. तो हद्दीचा दगडही अजून तिथंच आहे.

मैत्रिणींनो, मला तो दगड महत्त्वाचा वाटतो. शेजाऱ्यांनी त्यावर धान्य ठेवलं, म्हणूनच ईमला दार लावून बसता आलं. उपाशी माणूस घरात किती दिवस थांबेल? उद्या आपल्या गावात साथ आली, तर बंद घरांना पाणी, धान्य, औषध कोण पोचवणार? पुढच्या बैठकीत गटानं एवढं तरी ठरवून ठेवूया.